न झालेल्या गोलांचा हिशेब : मायकेल कॅरिक आणि थोरपणाची मोजपट्टी

मँचेस्टर युनायटेडचे जुने चाहते एकत्र जमले आणि क्लबच्या सर्वोत्तम अकरा जणांचा विषय निघाला, की मधल्या फळीपाशी गाडी अडते. डंकन एडवर्ड्‌स, बॉबी चार्लटन, ब्रायन रॉबसन, रॉय कीन, पॉल स्कोल्स ही नावे कोणीही न अडखळता घेतो. मग कुणीतरी मायकेल कॅरिकचे नाव काढतो आणि वादाला तोंड फुटते. एकाचे म्हणणे, खेळाडू चांगला होता, पण थोर? दुसऱ्याचे म्हणणे, ज्याला कॅरिक कळला नाही त्याला फुटबॉल कळला नाही. दोघेही आपापल्या जागेवरून हलत नाहीत, कारण दोघांच्या हातातल्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. या लेखात मला तपासायच्या आहेत त्या या मोजपट्ट्या. कॅरिकने पुढे प्रशिक्षक म्हणून काय केले हा येथे विषय नाही.

प्रथम नोंदी पाहू. जुलै २००६ मध्ये युनायटेडने कॅरिकला टॉटनहॅमकडून घेतले. किंमत १ कोटी ४० लाख पौंड, आणि अटी पूर्ण झाल्यास १ कोटी ८६ लाखांपर्यंत. नोव्हेंबर २००५ मध्ये क्लब सोडून गेलेल्या रॉय कीनचा १६ क्रमांक त्याला मिळाला. २०१८ मध्ये तो निवृत्त झाला. १२ हंगाम, ४६४ सामने, २४ गोल. पाच वेळा लीगचे विजेतेपद, २००८ ची चॅम्पियन्स लीग, २०१६ चा एफए कप, २०१७ ची युरोपा लीग.

आता शेजारी ब्रायन रॉबसनला ठेवून पाहू. रॉबसनचे सामने ४६१, म्हणजे कॅरिकपेक्षा तीन कमी. गोल मात्र ९९. लीगची विजेतेपदे दोन, तीही क्लबमधल्या शेवटच्या दोन हंगामांत. तरीही रॉबसनच्या थोरपणावर वाद घालणारा चाहता मला भेटलेला नाही. त्याचे एक कारण गोलांच्या रकान्यात आहे, दुसरे २१ मार्च १९८४ च्या रात्रीत. कप विनर्स कपच्या पहिल्या सामन्यात बार्सिलोनाकडून ०–२ ने हरलेल्या युनायटेडने ओल्ड ट्रॅफर्डवर ३–० असा विजय मिळवला. त्यातले दोन गोल कर्णधार रॉबसनचे. समोरच्या संघात मॅराडोना होता. सामना संपल्यावर लोकांनी रॉबसनला खांद्यावर घेतले. ते छायाचित्र पाहिले की युक्तिवादाची गरज उरत नाही. थोरपणाला असे एक चित्र लागते, ही पहिली मोजपट्टी.

कॅरिककडे चित्र नव्हते असेही नाही. १० एप्रिल २००७ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत युनायटेडने रोमाला ७–१ ने हरवले. पहिला सामना १–२ ने गेला होता आणि त्यात बाहेर काढला गेलेला स्कोल्स या रात्री खेळू शकत नव्हता. सामन्यातला पहिला गोल कॅरिकचा, सहावाही त्याचाच, आणि दोन्ही लांबून मारलेले. पण त्या रात्रीची आठवण निघते ती सात या आकड्याने आणि रोनाल्डोच्या नावाने. मॉस्कोत २१ मे २००८ रोजी चेल्सीविरुद्ध अंतिम सामना पेनल्टीवर गेला. युनायटेडची दुसरी पेनल्टी कॅरिकने शांतपणे जाळ्यात घातली. लक्षात राहिला तो पाय घसरलेला जॉन टेरी आणि शेवटचा फटका अडवणारा व्हॅन डर सार. कॅरिकच्या वाट्याला आलेले क्षणही दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले.

दुसरी मोजपट्टी आकड्यांची. मधल्या फळीतल्या खेळाडूने गोल केले का, गोलासाठी शेवटचा पास दिला का, पाय घालून चेंडू किती वेळा काढून घेतला, हे मोजले जाते. कॅरिकचे काम याच्या आधी घडत असे. मी क्रीडाशास्त्र कुठे शिकलेलो नाही. जुने सामने पुन्हा पुन्हा पाहायचे आणि शेजारी वही ठेवायची, एवढीच माझी पद्धत. चेंडूवरची नजर काढून सबंध अर्धवेळ फक्त कॅरिककडे पाहिले, तर दोन गोष्टी ध्यानात येतात. चेंडू आपल्याकडे येण्याआधी तो मान वळवून मागे-पुढे पाहून घेतो, त्यामुळे चेंडू पायाशी येईपर्यंत त्याचा निर्णय झालेला असतो. आणि प्रतिस्पर्ध्याला ज्या वाटेने पास द्यायचा आहे त्या वाटेवर तो दोन पावले आधीच जाऊन उभा राहतो. पास दिलाच जात नाही, चेंडू आडवा किंवा मागे जातो. पाय घालायची वेळ येत नाही, म्हणून नोंदवहीत काही पडत नाही. प्रेक्षकाला वाटते, हा नुसता फिरतो आहे.

येथे एका मराठी माणसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली, त्यांपैकी २७ निर्धाव, धावा पाच, बळी शून्य. त्यात २१ षटके सलग निर्धाव. ही कामगिरी आज साठ वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे, कारण क्रिकेटच्या धावफलकात निर्धाव षटकांसाठी रकाना आहे. काही घडू न देणे हेही काम आहे, हे त्या खेळाने लिहून ठेवायची सोय केली. फुटबॉलच्या लोकप्रिय नोंदीत असा रकाना नाही. गोलरक्षकाला गोल न स्वीकारल्याचे श्रेय मिळते, त्याच्या तीस मीटर पुढे उभ्या असलेल्याला नाही. अर्थात, रकाना असूनही नाडकर्णींचे नाव थोर गोलंदाजांच्या यादीपेक्षा विक्रमांच्या गमतीतच जास्त निघते. नुसती नोंद झाली म्हणून काम भागत नाही, ती वाचायची सवयही लागते.

मग संघाच्या आकड्यांत कॅरिक सापडतो का? २००५–०६ मध्ये, तो येण्याआधीच्या हंगामात, युनायटेडने लीगमध्ये ३४ गोल स्वीकारले. पुढच्या तीन हंगामांत हा आकडा अनुक्रमे २७, २२ आणि २४ झाला आणि तिन्ही वेळा विजेतेपद आले. त्यापूर्वी सलग तीन वर्षे ते हुकले होते. २००६ च्या उन्हाळ्यात व्हॅन निस्टलरॉयसारखा गोल करणारा गेला आणि मोठी खरेदी झाली ती एकट्या कॅरिकची. त्याचे समर्थक येथेच थांबतात आणि सारे श्रेय त्याला देऊन मोकळे होतात. ते टिकणारे नाही. व्हॅन डर सार २००५ मध्ये आला होता, विडिच आणि एव्हरा जानेवारी २००६ मध्ये, फर्डिनंड होताच, आणि रोनाल्डो-रूनी त्याच काळात बहरले. या आकड्यांवरून एवढेच म्हणता येते, की त्या संघाची घडी बसली तेव्हा तिच्या मध्यभागी कॅरिक होता.

याहून ठोस पुरावा मला एप्रिल २००८ च्या दोन सामन्यांत दिसतो. उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्ध पहिला सामना ०–० आणि दुसरा १–०. गोल स्कोल्सचा, आणि तो गोल योग्यच लक्षात राहिला आहे. पण मेस्सी, झावी, डेको असलेल्या संघाला १८० मिनिटांत एकही गोल करता आला नाही, आणि दोन्ही सामन्यांत बचावफळीच्या पुढची जागा कॅरिक आणि स्कोल्स राखून होते. चेंडू बहुतेक वेळ बार्सिलोनाकडे होता, मात्र त्यांना हवा होता तिथे तो पोचत नव्हता.

विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा याच बार्सिलोनाशी जोडलेला आहे. २००९ मध्ये रोमला आणि २०११ मध्ये वेंब्लीला झालेल्या दोन अंतिम सामन्यांत युनायटेड ०–२ आणि १–३ ने हरले. दोन्हींत कॅरिक खेळला आणि दोन्हींत मधली फळी बार्सिलोनाच्या मागे धावत राहिली. रोममधल्या पहिल्या गोलाचा दोष कॅरिकने स्वतःकडे घेतला आणि त्यानंतर आपण दीर्घकाळ नैराश्यात होतो हे आत्मचरित्रात लिहिले. फ्लेचर निलंबित होता, समोरचा संघ असामान्य होता, या सबबी खऱ्या आहेत, तरी पुऱ्या पडत नाहीत. कीनसारखा खेळाडू सामना हातातून निसटताना दिसला की त्याची मान पकडून परत आणू शकत असे. ते कॅरिकमध्ये नव्हते. आखून दिलेल्या घडीत तो निर्दोष होता, मोडलेली घडी एकट्याने पुन्हा बसवणारा नव्हता. थोरांच्या पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतला फरक मला येथे दिसतो.

समर्थकांची आणखी दोन अस्त्रे तपासली पाहिजेत. एक, जाणकारांची साक्ष. वेंगर यांनी त्याची जाहीर प्रशंसा केली, ग्वार्दिओलांनी त्याला झाबी अलोन्सो आणि बुस्केट्‌सच्या पंक्तीला बसवले. साक्ष मोलाची आहे, विशेषतः त्या दोन्ही अंतिम सामन्यांत त्याला हरवणाऱ्या प्रशिक्षकाची. पण साक्ष म्हणजे निकाल नाही. जाणकाराने नेमके काय पाहिले हे आपल्याला दाखवता आले पाहिजे, नाहीतर तो नुसता मोठ्या नावाचा धाक ठरतो. दुसरे अस्त्र ‘उपेक्षित’ या शब्दाचे. कॅरिक उपेक्षित होता, म्हणून थोर होता, असा एक सूर हल्ली ऐकू येतो. उपेक्षा ही पाहणाऱ्यांची उणीव आहे, तिचे गुण खेळाडूच्या खात्यात जमा होत नाहीत. चाहत्यांनी त्याच्यावर रचलेले गाणे या बाबतीत बोलके आहे. त्यात त्याचे कौतुक होते ते तो स्कोल्सच वाटतो म्हणून. प्रेमाने गायलेल्या गाण्यातही त्याला स्वतःची ओळख दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागली. वास्तविक दोघांचा खेळ वेगळा होता, आणि स्कोल्सला पुढे सरकण्याची मोकळीक मिळाली ती शेजारी कॅरिक होता म्हणूनही.

या क्लबला हा प्रश्न नवा नाही. ओल्ड ट्रॅफर्डबाहेर बेस्ट, लॉ आणि चार्लटन या त्रिमूर्तीचा पुतळा आहे. २९ मे २००८ रोजी, पहिल्या युरोपियन कपला ४० वर्षे झाली त्या दिवशी आणि मॉस्कोच्या विजयानंतर आठवड्याभरातच, त्याचे अनावरण झाले. तिघांनाही बॅलन डी’ऑर मिळाला होता, मान योग्यच आहे. पण १९६८ च्या त्या अंतिम सामन्यात लॉ गुडघ्याच्या दुखण्यामुळे खेळला नव्हता. खेळला होता पॅट क्रेरँड. पायात वेग नाही अशी ज्याची ख्याती, आणि त्रिमूर्तीपर्यंत चेंडू पोचवणे हे ज्याचे काम. १९६५ आणि १९६७ ची लीग विजेतेपदेही त्याच्या नावावर आहेत. जुने चाहते त्याला मानतात, तरी पुतळ्यात चौथी जागा असावी असे कुणाला सुचलेले मी ऐकले नाही. पुतळा गोल करणाऱ्याचा होतो. पास देणाऱ्याला शिल्पकाराने कोणत्या मुद्रेत उभे करायचे?

तेव्हा माझा निवाडा असा. एडवर्ड्‌स, चार्लटन, रॉबसन, कीन आणि स्कोल्स यांच्या ओळीत कॅरिक बसत नाही. रोम आणि वेंब्ली विसरल्याशिवाय तसे म्हणता येणार नाही, आणि विसरणे हे समीक्षेचे काम नाही. पण लगेच पुढच्या ओळीत, क्रेरँडच्या शेजारी, त्याची जागा पक्की आहे आणि ती उपकार म्हणून दिलेली नाही. २००६ ते २००९ चा संघ हा क्लबच्या इतिहासातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक. रोनाल्डोला वगळून त्या संघाची गोष्ट सांगता येत नाही, हे सगळ्यांना पटते. कॅरिकला वगळून ती सांगता येते, आणि बहुतेक जण तशीच सांगतात. मात्र तसे केले की तो संघ इतका कमी वेळा अडचणीत का सापडत असे, याचे उत्तर त्या गोष्टीत राहत नाही. ज्याच्या अनुपस्थितीत गोष्ट सांगता येते पण समजावता येत नाही, त्याला थोरांच्या यादीत जागा असली पाहिजे.