रक्तपिशाचाचा संशय

रहस्यकथा आणि भयकथा यांचे नाते सोयरिकीचे नसून भाऊबंदकीचे आहे. दोघींची जमीन एकच आहे. आडगावात कोणी दगावतो किंवा जखमी होतो, कारण कळत नाही, आणि लोक कोणाकडे तरी बोट दाखवू लागतात. हे माणसाचे काम नव्हे, असे भयकथा सांगते. हे माणसाचेच काम आहे, असे रहस्यकथेचे म्हणणे असते. या दोहोंच्या बांधावर उभ्या असलेल्या कथा संख्येने थोड्या आहेत. सर आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द ॲडव्हेंचर ऑफ द ससेक्स व्हँपायर’ ही त्यांपैकी एक होय. जानेवारी १९२४ मध्ये ती ‘स्ट्रँड’ मासिकात आली आणि १९२७ मध्ये ‘द केसबुक ऑफ शेरलॉक होम्स’ या अखेरच्या संग्रहात समाविष्ट झाली. उत्तरकाळातील होम्सकथा थकलेल्या आहेत, हा अभिप्राय इतका रूढ झाला आहे की या कथेकडे कोणी फारसे थांबून पाहत नाही. वास्तविक तिच्यातील रहस्य उलगडल्यानंतर जे शिल्लक राहते, ते त्या रहस्यापेक्षा मोठे आहे.

कथेचे संविधानक साधे आहे. ससेक्स परगण्यातील लॅम्बर्ली या (कल्पित) खेड्यात रॉबर्ट फर्ग्युसन नावाचा चहाचा दलाल राहतो. त्याची दुसरी पत्नी पेरू देशातील आहे. पहिल्या पत्नीपासून झालेला जॅक हा पंधरा वर्षांचा मुलगा लहानपणी पडल्यामुळे अधू झालेला आहे. दुसरीला झालेले मूल अद्याप वर्षाचेही नाही. ही स्त्री सावत्र मुलाला दोन वेळा मारताना सापडते. पुढे ती स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या मानेला तोंड लावून बसलेली दाईला दिसते आणि अखेरीस नवराच तिला रक्ताळलेल्या ओठांनी पाळण्यापासून उठताना पाहतो. ती खुलासा करीत नाही. खोलीत जाऊन दार लावून घेते. होम्स येतो, भिंतीवर मांडलेल्या दक्षिण अमेरिकन शस्त्रांत एका लहान धनुष्याशेजारचा भाता रिकामा असल्याचे पाहतो, मागचे पाय लुळे पडलेल्या कार्लो या कुत्र्याकडे पाहतो, आणि सांगतो की आई रक्त पीत नव्हती, विष शोषून काढीत होती. विषारी बाण टोचणारा जॅक होता. बाणाची परीक्षा त्याने आधी कुत्र्यावर केली होती. येथे प्रत्यक्ष खून घडत नाही. पण जे घडत होते त्याला खुनाचा प्रयत्न याखेरीज दुसरे नाव नाही.

ही उकल चतुर आहे. परंतु संशय त्या स्त्रीवरच का आला, हा कथेचा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी युरोपीय रक्तपिशाचाच्या इतिहासाकडे थोडे मागे जावे लागते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्बियातील खेड्यांमधून, त्या वेळच्या ऑस्ट्रियन अमलाखालील प्रदेशातून, रक्तपिशाचाच्या बातम्या पश्चिमेकडे गेल्या. १७२५ मध्ये किसिल्येवो गावी आणि पुढे मेद्वेजा गावी लागोपाठ माणसे मेली. गावाने आपल्याच मेलेल्यांना दोषी धरले. मेद्वेजात गवताच्या गाडीवरून पडून मेलेल्या आर्नोल्ड पावले याच्यापासून ही साथ सुरू झाली, असे लोकांचे म्हणणे होते. लष्करी शल्यवैद्य फ्ल्यूकिंगर याने थडगी उघडवून जानेवारी १७३२ मध्ये जो अहवाल सिद्ध केला, तो आज वाचला तर पोलिसी पंचनाम्याची आठवण होते. मृताचे वय, पुरून झालेले दिवस, प्रेताची अवस्था यांची त्यात नोंद आहे. जी प्रेते कुजली नव्हती त्यांची डोकी उडवून ती जाळण्यात आली. म्हणजे रक्तपिशाच ही कल्पना केवळ भीतीतून आली नाही, ‘कोणी मारले?’ या प्रश्नाला गावाने दिलेले ते तपासान्ती उत्तर होते. तपास चुकीचा होता एवढेच. १७५५ मध्ये मारिया थेरेसा या सम्राज्ञीने आपला वैद्य व्हान स्विटेन याच्या सल्ल्याने थडगी उकरण्यास बंदी केली, तेव्हा एका तपासपद्धतीने दुसरीला हटविले असे म्हणावयास हवे.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, एक्झिटर या लहानशा गावात, १८९२ मध्ये हेच पुन्हा घडले. ब्राउन कुटुंबातील आई आणि थोरली मुलगी क्षयाने आधीच गेल्या होत्या. जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सी गेली. भाऊ एडविन अंथरुणाला खिळला. १७ मार्च रोजी शेजाऱ्यांच्या आग्रहावरून थडगी उघडली गेली. मर्सीच्या काळजात रक्त सापडले म्हणून ते जाळून त्याची राख भावाला औषध म्हणून देण्यात आली. मे महिन्यात तोही मेला. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा दहा वर्षे लोटली होती.

या दोन्ही उदाहरणांत आरोपी मृत आहे आणि आपल्यातलाच आहे. शेजारी आहे, बहीण आहे. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ लिहिली आणि ही रचना उलटी झाली. आता रक्तपिशाच समुद्र ओलांडून येतो, त्याचे उच्चार वेगळे असतात, तो इंग्लंडात घरे विकत घेतो. न्यू इंग्लंडमधील अशा प्रकारांविषयीचे एक वृत्तपत्री कात्रण स्टोकरच्या टिपणांत आढळते, ही गोष्ट मोठी बोलकी आहे: घरच्या मृताविषयीची भीती परदेशी सरदाराच्या अंगावर चढविली गेली.

डॉयलने हे स्थित्यंतर एका वाक्यात पकडले आहे, आणि ते वाक्य त्याने होम्सच्या नव्हे तर वॉटसनच्या तोंडी घातले आहे. होम्स जुन्या नोंदवहीतील ‘व्ही’चे पान काढतो, हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हेनिया येथल्या हकिगती चाळतो आणि थडग्यातून उठणाऱ्या प्रेतांशी आपले काही देणेघेणे नाही म्हणून वही बाजूस टाकतो. तेव्हा वॉटसन सुचवितो की रक्तपिशाच मेलेलाच असला पाहिजे असे कोठे आहे. जिवंत माणसालाही ही सवय असू शकेल. वॉटसन सुशिक्षित आहे, डॉक्टर आहे, भुतांवर विश्वास ठेवणारा नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, तो अंधश्रद्धेला शास्त्रीय वेश देतो. मेलेल्यावरचा संशय जिवंतावर येण्यास एवढी पायरी पुरे होते. एक्झिटरच्या मर्सीला निदान मेल्यावर जाळले. लॅम्बर्लीच्या परक्या स्त्रीला जिवंतपणी आरोपी व्हावे लागले.

फर्ग्युसनचे पत्र या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. तो आपली हकीगत एका मित्राची म्हणून सांगतो, आणि होम्सला ते तत्काळ कळते. त्याच्या लिहिण्यात दुष्टावा नाही. तो सरळ, धिप्पाड, जुना रग्बीपटू आहे आणि बायकोवर त्याचे प्रेम आहे. परंतु बायकोचा परदेशी जन्म आणि निराळा धर्म यांमुळे उभयतांत अंतर पडत गेले, ही गोष्ट तो रक्ताचा उल्लेख येण्यापूर्वीच सांगून टाकतो. आरोपाच्या आधी पार्श्वभूमी येते, आणि ती पार्श्वभूमीच आरोपाला पटण्याजोगा करते. हीच कृती लॅम्बर्लीत जन्मलेल्या एखाद्या स्त्रीने केली असती तर घरात आधी डॉक्टर आला असता.

त्या स्त्रीचे मौन हा कथेचा सर्वांत श्रीमंत भाग आहे. तिला सर्व ठाऊक आहे. एक शब्द उच्चारला तर ती सुटते. परंतु त्या शब्दाने नवऱ्याचे थोरल्या मुलावरील आंधळे प्रेम मोडून पडणार असते. शिवाय सावत्र आईने सावत्र मुलावर केलेला आरोप कोण खरा मानणार? कथेत हे दुसरे कारण उघड मांडलेले नाही, पण त्याचे वजन सर्वत्र जाणवते. तापाने फणफणलेली ती वॉटसनकडे आपले मूल मागते आणि नवरा ते देण्यास धजत नाही. हा प्रसंग डॉयलने अवघ्या काही ओळींत उरकला आहे. तो तसा उरकला जाणे ही रहस्यकथेच्या प्रकृतीची मर्यादा आहे. तिला दाराबाहेर उभ्या असलेल्या पुरुषांची घाई असते.

दोन ठिकाणी मात्र कथा आपल्याच अंतर्दृष्टीला पाठ दाखविते. गुन्हा इंग्रज घरातला आणि इंग्रज मुलाचा ठरला, तरी शस्त्र पेरूचेच राहते. विष परदेशातूनच आले, हा दिलासा वाचकासाठी राखून ठेवलेला आहे. ते विष क्युरारे किंवा तत्सम काही असावे, असे होम्स म्हणतो. क्युरारे पोटात गेल्यास सहसा बाधत नाही, त्यामुळे आईचे वाचणे शास्त्राला धरून आहे. परंतु त्याचा अंमल अल्पकाळ टिकतो. श्वास बंद पडून प्राणी मरतो, अथवा पूर्ववत होतो. चार महिने लंगडणारा कार्लो हा औषधशास्त्राचा नसून संविधानकाचा रुग्ण आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जॅकचे व्यंग आणि त्याचा मत्सर यांची डॉयल ज्या सहजतेने गाठ मारतो, ती आज खटकते आणि खटकावयास हवी. परकी स्त्री निर्दोष ठरताच संशयाला दुसरे शरीर हवे होते. ते अधू मुलाचे मिळाले.

हे सर्व लिहिणारा डॉयल १९१६ पासून परलोकविद्येचा उघड पुरस्कर्ता होता आणि १९२२ मध्ये त्याने पऱ्यांच्या छायाचित्रांवर विश्वास ठेवून पुस्तकही प्रसिद्ध केले होते. लेखक मृतात्म्यांशी संभाषण करीत असता त्याचा नायक भुतांना दारात उभे करीत नाही, ही विसंगती गमतीची म्हणून नेहमी सांगितली जाते. ती गमतीची नाही. निर्मितीच्या क्षणी लेखकाच्या श्रद्धेपेक्षा साहित्यप्रकाराची शिस्त बलवत्तर ठरू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

मराठी वाचकाला ही कथा थोड्या निराळ्या कोनातून दिसते. ‘व्हँपायर’ला मराठीत नेमका शब्द नाही; ‘रक्तपिशाच’ हा घडविलेला शब्द आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या कथा इंग्रजीत नेताना वेताळाला व्हँपायर म्हटले. पण आपला वेताळ झाडाला लटकणाऱ्या प्रेतात राहून कोडी घालतो, रक्त पीत नाही. आरवलीला तर तो वेतोबा होऊन गाव राखतो. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवरून नारायण धारप यांनी ‘लुचाई’ लिहिली, तेव्हा त्यांना हे परके भय मराठी गावात रुजवावे लागले, आणि ते त्यांनी समर्थपणे रुजविले. तेथे रक्तपिशाच खरा आहे. संशय खरा ठरतो म्हणून गाव उद्ध्वस्त होते. डॉयलकडे संशय खोटा ठरतो आणि एक घर मोडता मोडता राहते. रहस्यकथा आणि भयकथा यांना ‘रंजनपर’ म्हणून एकाच कप्प्यात टाकणाऱ्या मराठी समीक्षेने हा भेद तपासून पाहण्यासारखा आहे.

कथेच्या अखेरीस होम्स जॅकला वर्षभर समुद्रप्रवासास पाठविण्याचा सल्ला देतो. पोलीस येत नाहीत, न्यायालय येत नाही. पतिपत्नींना खोलीत सोडून तो आणि वॉटसन बाहेर पडतात आणि समेटाचे बोलणे वाचकाच्या कानी पडत नाही. शेवटचा मजकूर आहे तो प्रकरण पाठविणाऱ्या वकिली पेढीला होम्सने धाडलेले कामकाजी उत्तर. त्यात पेढीचे नाव आहे, अशिलाचे नाव आहे. मोलकरणीला डोलोरेस हे नाव आहे, दाईला मिसेस मेसन, कुत्र्याला कार्लो. रक्तपिशाच ठरविल्या गेलेल्या त्या स्त्रीचे नाव संपूर्ण कथेत कोठेही येत नाही.