पडद्यावरील खेळ : एक गुणदोषविचार

भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात अशी कथा आहे की, इंद्रप्रमुख देव ब्रह्मदेवाकडे गेले आणि डोळ्यांनी पाहता यावे व कानांनी ऐकता यावे असे एक क्रीडनीयक, म्हणजे खेळणे, त्यांनी मागितले. त्या मागणीतून नाट्यवेद निर्माण झाला. ज्या कलेवर आपल्या शास्त्रकारांनी पुढे शतकानुशतके रसचर्चा केली ती कला जन्मतः खेळणेच होती, ही गोष्ट आजच्या विद्वानांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण व्हिडिओ गेम हा शब्द निघाला की आपल्यातील वडीलधारी मंडळी कपाळास आठ्या घालतात आणि तरुण मंडळी स्तुतीपलीकडे काही बोलत नाहीत. पहिल्यांचा निकाल खेळ सुरू होण्यापूर्वीच लागलेला असतो. दुसऱ्यांचा तो संपण्यापूर्वी. टीकाकाराने खेळ शेवटपर्यंत खेळावा, गुण गुण म्हणून व दोष दोष म्हणून सांगावेत, आणि आपण कोणत्या मापाने मोजले तेही वाचकांपुढे उघड करावे, एवढीच अपेक्षा आहे.

माझे माप जुने आहे. 1921 साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. वाचक परक्याच्या भूमिकेत शिरतो, तथापि आपण कोण आहो हे सर्वस्वी विसरत नाही. या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयाचा आनंद उत्पन्न होतो, असा तिचा थोडक्यात आशय. तिच्यावर आक्षेप पुष्कळ आले व त्यांपैकी काही रास्तही होते. परंतु केळकरांच्या ध्यानीमनीही नसलेल्या या नव्या प्रकारास ती जितकी चपखल लागू पडते, तितकी कादंबरीसही पडत नसेल. कादंबरी वाचताना नायकाचा हात आपण केवळ कल्पनेने उचलतो. येथे तो आपल्या बोटाने उचलावा लागतो. त्यामुळे समाधी सुलभ होते, परंतु विकल्प राखणे मात्र कठीण होऊन बसते. ज्या खेळात दोन्ही टिकतात तो चांगला, हे माझे माप.

मापाइतकाच मापणाराही सांगितला पाहिजे. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या बोटांना हे खेळ शिकवले ते नंदुरबारातील आमच्या एका माजी विद्यार्थ्याने. तो धडगावकडचा, पावरा समाजातील. मी हरलो की तो हसत नसे, हे गुरुदक्षिणेतच धरले पाहिजे.

आरंभ पुण्याच्या एका खेळापासून करू. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा साहसप्रधान खेळ 2020 साली प्रसिद्ध झाला. डोंबाऱ्यासारखी कसरत करून पोट भरणारी राजी ही मुलगी, तिचा असुरांनी पळवलेला भाऊ गोलू, आणि त्याला सोडवण्यासाठी दुर्गेने तिच्या हाती दिलेला त्रिशूळ, एवढे कथाबीज. चित्रणावर पहाडी शैलीची छाया आहे आणि वास्तू राजस्थानी किल्ल्यांच्या वळणाच्या आहेत. कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांनी दाखवले आहेत. ते पाहताना आपल्या पिंगुळीच्या चामडी बाहुल्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. राजी भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेते, आणि त्या गिरकीतूनच तिचा प्रहार निघतो. तिची कला तीच तिचे शस्त्र. स्वभावरेखन कृतीतून करावे असे आपण नाटककारांना सांगत आलो. येथे ते साधले आहे. वर्तुळाकार चित्रांचे तुकडे फिरवून भावंडांच्या आठवणी जुळवण्याचे प्रसंगही हृद्य आहेत.

दोष दोन आहेत. लढायांत लवकरच पुनरुक्ती येते. आणि चार-पाच तासांनंतर कथा जेथे खरोखर पेट घेते, नेमक्या तेथेच ती तुटल्यासारखी थांबते. पाचवा अंक लिहिण्यापूर्वी पडदा पडलेल्या नाटकासारखी प्रेक्षकाची स्थिती होते. शिवाय एक तक्रार मनात राहते. दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद मूळ खेळात इंग्रजीत आहे. 2022 च्या आवृत्तीत हिंदी वाणी आली. मुठेकाठी जन्मलेल्या राजीच्या तोंडी मराठी मात्र मला कोठे ऐकू आली नाही.

दुसरा खेळही पुण्याचाच. सुपरगेमिंग या संस्थेचा ‘इंडस’ ऑक्टोबर 2024 मध्ये मोबाइलवर आला. अनेकांनी एका भूमीवर उतरावे, शस्त्रे वेचावीत आणि शेवटी एकानेच उरावे, असा हा संहारक प्रकार आहे. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली, जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, आणि दरम्यान खेड्यापाड्यांतील पारावर मुलांची डोकी एकाच पडद्याभोवती गोळा झालेली सर्वांनी पाहिली. त्या परदेशी वृक्षावर देशी कलम करण्याचा ‘इंडस’चा प्रयत्न आहे. सिंधुसंस्कृती पुढे वाढत गेली असती तर तिचे भविष्य कसे दिसले असते, अशी त्यामागील कल्पना असून तिचे ठिकाण विर्लोक नावाची काल्पनिक भूमी आहे.

ही कल्पना मोठी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती वेषभूषेच्या पलीकडे फारशी गेलेली नाही. बंदुकीवर नक्षी काढल्याने गोळीचे संस्कार बदलत नाहीत. नियमांत मात्र एक खरी नवलाई आहे. डावाच्या अखेरीस कॉस्मियम नावाचे दुर्मिळ द्रव्य प्रकट होते, आणि ते हस्तगत करणारा, सर्व प्रतिस्पर्धी न मारताही, विजयी ठरतो. लढावे की ध्येयाकडे धावावे, असा विचार करण्याचा क्षण त्यामुळे खेळणाऱ्याला मिळतो. तेवढ्या एका क्षणापुरता विकल्प जागा होतो. एरवी या प्रकारात समाधी इतकी गाढ लागते की विकल्पाला श्वास घेण्यास जागा उरत नाही. पालकांची जी भीती आहे ती मुळात हीच आहे. फक्त तिला नाव देता न आल्यामुळे ते मोबाइलवर चिडतात.

याच्या अगदी उलट टोकाला ‘लुडो किंग’ आहे. नवी मुंबईच्या गेमशन या संस्थेने तो 2016 साली काढला आणि 2020 च्या टाळेबंदीत तो घरोघर पोहोचला. आपली पचिशी इंग्लंडात गेली, 1896 साली तेथे लुडो या नावाने तिचे पेटंट घेतले गेले, आणि सव्वाशे वर्षांनी ती नव्या मुंबईच्या वाटेने आजीच्या हातात परत आली, हा प्रवासच एखाद्या कादंबरीचा विषय आहे. टाळेबंदीत सासर-माहेरच्या माणसांना चार रंगांच्या एका पटावर बसवण्याचे पुण्य या खेळाच्या पदरी निश्चित आहे. कला म्हणून पाहता तो सामान्य आहे. येथे कोणी कोणाच्या भूमिकेत शिरत नाही. सोंगटी ही सोंगटीच राहते. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात प्रत्येक घराला पापपुण्याचा अर्थ होता. साप चावला तर तो कोणत्या दुर्गुणाचा, हे कळत असे. लुडोत दान पडते, अर्थ पडत नाही. आणि अर्थ गेला की त्याच्या रिकाम्या जागी पैसा येऊन बसतो. पैसे लावून खेळावयाच्या दुसऱ्या एका लुडोसंबंधी, हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, असा वाद 2021 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता; ऑगस्ट 2025 मध्ये तर पैशांवर खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाच संसदेने केला. द्यूतपर्व ज्यांनी वाचले आहे त्यांस त्याचे कारण निराळे सांगावयास नको.

चौथा खेळ मराठी मुलखाचा नव्हे. टोरांटोच्या विसाई गेम्सचा ‘वेन्बा’ 2023 साली आला व 2024 मध्ये त्यास पदार्पणाच्या खेळाचे बाफ्टा पारितोषिक मिळाले. कॅनडात जाऊन राहिलेले एक तमिळ कुटुंब. आईचे नाव वेन्बा. तिच्या आईकडून आलेली पाककृतींची वही डागाळलेली, ओळी पुसलेल्या. इडलीची, पुट्टूची कृती खेळणाऱ्याने तर्काने जुळवून घ्यावयाची. शत्रू नाही, शस्त्र नाही. मुलगा कविन इंग्रजीकडे सरकत जातो, घरातील बोलणे तुटक होते, आणि पुढे तोच मोठा होऊन आजीच्या वहीसमोर उभा राहतो तेव्हा ती त्याला नीट वाचता येत नाही. त्या वेळी सूत्रे खेळणाऱ्याच्या हाती असतात. कविनचे अडखळणे आपण पाहत नाही, आपणच अडखळतो. खेळ दीड-दोन तासांत आटोपतो आणि चुकीचा पदार्थ केल्यास काही विशेष बिघडत नाही, हे त्याचे उणेपण मी मान्य करतो. तरीही केळकरांची उपपत्ती कोणी प्रयोगाने सिद्ध करून मागितली, तर मी त्याच्यापुढे ‘वेन्बा’च ठेवीन. चौघांत पहिला क्रमांक निःसंशय याचा, दुसरा ‘राजी’चा.

हा निकाल लिहून मी थांबणार होतो. परंतु कविन वहीपुढे अडखळला तेव्हा माझा विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, आमच्या आजीची गाणी मला समजतात, पण लिहिता येत नाहीत. शाळेत पहिल्या दिवसापासून मराठीच होती.” ‘राजी’त मराठी नाही ही माझी तक्रार मी त्याच सकाळी त्याला मोठ्या आवेशाने वाचून दाखवली होती. ती मी वर तशीच ठेवली आहे, कारण ती खरी आहे. मात्र कॅनडात इंग्रजीने वेन्बाच्या घरी जे केले, ते सातपुड्याच्या पाड्यांत माझी भाषा करीत आली, आणि मी तीस वर्षे तिचाच पगार घेतला, हेही तितकेच खरे आहे.

अक्कलकुव्याजवळच्या काठी गावची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना बावा आणि बुध्या आठवत असतील. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे, अंगावर नक्षी. नवस बोललेला माणूस कित्येक दिवसांचे कडक व्रत पाळून ते रूप घेतो, रात्रभर नाचतो, आणि व्रत पुरे झाले की पुन्हा आपल्या शेतात जातो. रूपात पूर्ण शिरणे आणि नियमाने बाहेर येणे या दोन्ही गोष्टी तेथे शिकवाव्या लागत नाहीत. मी त्याला विचारले, “तू खेळ केलास तर कशावर करशील?” तो म्हणाला, “काठीच्या होळीवर.”

“आणि भाषा?”

“बोलणे आमचेच ठेवीन, सर. मराठी असेल की, खाली अक्षरांत.”