संथ झाली म्हणजे गंभीर झाली? : मॅडोनाची बॅलड्स

मॅडोनाबद्दल हमखास सांगितली जाणारी गोष्ट अशी. १९९२ साली तिचा 'इरॉटिका' हा अल्बम आणि 'सेक्स' हे छायाचित्रांचं पुस्तक आलं, मोठा गदारोळ उठला, मग बाई शहाण्या झाल्या आणि हळवी, संथ गाणी गायला लागल्या. १९९५ चा 'समथिंग टु रिमेंबर' हा बॅलड्सचा संग्रह, पाठोपाठ १९९६ चा 'एव्हिटा' चित्रपट, असा तो पुरावा. गोष्ट सोयीची आहे, पण आज आपण ती जरा तपासून बघू.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. बॅलड म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना पोवाडा आठवतो, कारण आपल्याकडे तोच प्रतिशब्द रुळलाय. पॉपमध्ये मात्र बॅलड म्हणजे संथ लयीचं, भावनेवर उभं असलेलं गाणं.

आता सालं बघा. 'क्रेझी फॉर यू' १९८५ चं, 'लिव्ह टु टेल' १९८६ चं. दोन्ही बॅलड्स, दोन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली. म्हणजे वादाच्या सहा-सात वर्षं आधीपासून ती हे गातच होती. 'समथिंग टु रिमेंबर'मध्येही बहुतेक जुनीच गाणी आहेत, नवी अगदी मोजकी. आणि गंमत म्हणजे त्यातलं 'रेन' हे गाणं थेट त्या बदनाम 'इरॉटिका'मधलं! तिथं असताना ते कुणाला फारसं गंभीर वाटलं नव्हतं. शेजार बदलला, आणि गाणं प्रतिष्ठित झालं.

वादांच्या गोंगाटात आपल्या संगीताकडे दुर्लक्ष झालं, असं मॅडोनानं या संग्रहाच्या सोबतच्या मजकुरात म्हटलं होतं. तक्रार रास्तच आहे. पण संग्रहात काय घेतलं यापेक्षा काय गाळलं, ते आपण बघायला हवं. 'इरॉटिका'मध्ये 'इन धिस लाइफ' नावाचं आणखी एक संथ गाणं आहे, एड्सनं गेलेल्या मित्रांच्या आठवणीतलं. त्या अल्बममधलं सगळ्यात गंभीर गाणं कोणतं, असं कुणी विचारलं तर आपण बेलाशक याचंच नाव घेऊ. ते या संग्रहात नाही. प्रेमभंगाचं दुःख चाललं, त्या मृत्यूंचं नाही. का वगळलं ते आपण तिच्या मनात शिरून सांगू शकत नाही; ऐकणाऱ्याच्या हाती मात्र जे आलं, ते जरा धुऊनपुसून घेतलेलं गांभीर्य होतं.

आवाजाबद्दलही बोलायला हवं. 'एव्हिटा'साठी तिनं जोन लेडर यांच्याकडे गळ्याची तालीम घेतली, आणि ती ऐकू येते : श्वास लांबला, वरचे सूर मोकळे झाले. चित्रपटासाठी गोल्डन ग्लोबही मिळाला. पण खरं सांगायचं तर, त्यातली काही गाणी ऐकताना आपलं लक्ष गाण्यापेक्षा तालमीकडेच जातं. 'किती नीट गातेय' असं वाटत राहतं, बस्स.

त्यासमोर 'लिव्ह टु टेल' ठेवा. संगीत पॅट्रिक लेनर्डचं, एका चित्रपटासाठी केलेलं आणि तिथं नाकारलं गेलेलं. मॅडोनानं त्यावर शब्द लिहिले आणि गाणं 'ॲट क्लोज रेंज' या दुसऱ्याच चित्रपटात गेलं. तेव्हा तिचा गळा तयार नव्हता, आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केलेला नाही. मधेच एका ठिकाणी साथ जवळजवळ थांबते, खर्जातला सूर तेवढा घुमत राहतो. आपल्याला वाटतं, संपलं. मग ती पुन्हा बोलू लागते, आधीपेक्षाही हळू. मनातलं गुपित सांगू की नको, या घालमेलीचं ते गाणं आहे, आणि ती घालमेल शब्दांइतकीच त्या थांब्यात आहे. तयार गळ्याला कदाचित ती रिकामी जागा भरून काढायचा मोह झाला असता.

१९९८ च्या 'फ्रोझन'मध्ये तालीम झालेला गळा आणि यंत्रांचा ठेका एकत्र आले, तिथं तिला हे पुन्हा साधलं. पण त्यावर पुढं कधीतरी. आत्ता आपण संग्रहातून गळलेलं 'इन धिस लाइफ' लावू या. मागच्या रांगांना ऐकू येतंय ना?