'श्यामा' : न्यायालयाने वाचलेली कादंबरी

१९६२ सालच्या दिवाळीत पुण्याच्या 'रंभा' मासिकाच्या अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कादंबरिका छापून आली. अश्लीलतेच्या आरोपावरून प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने लेखक आणि प्रकाशक दोघांनाही निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, प्रत्येकी २५ रुपये दंड केला आणि त्यांच्याजवळ असलेल्या अंकाच्या प्रती नष्ट करण्यास फर्मावले. काकोडकरांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये ते सुटले. वकिलांना हा निकाल आजही ठाऊक असतो. मराठी कादंबरीच्या इतिहासात मात्र त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. मर्ढेकरांच्या कवितेवरील खटल्याविषयी आपण किती लिहिले आणि या खटल्याविषयी किती, याची तुलना केली की मला काय म्हणायचे आहे ते ध्यानात येईल.

निकालाचे महत्त्व कळण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागते. १९६४ मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची शिक्षा कायम केली होती. डी. एच. लॉरेन्ससारखा लेखक जिथे तरला नाही, तिथे लायब्ररीतून भाड्याने वाचला जाणारा मराठी कादंबरीकार तरला. कसोटी जवळपास तीच होती. ती लावताना न्यायमूर्तींनी काही साधे प्रश्न विचारले. आक्षेप घेतलेले उतारे त्यांनी तपासले, पण निर्णय सबंध कथेवर दिला. पुस्तक एखाद्या सुट्या माणसाच्या नव्हे, तर कोणत्या वाचकवर्गाच्या हाती पडेल, हे पाहिले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, हे मान्य केले. कामविषयाचा नुसता उल्लेखही वर्ज्य ठरवला तर तरुणांना धार्मिक ग्रंथांखेरीज वाचायला काही उरणार नाही, असेही त्यांनी सुनावले.

सर्वांत मोलाचा मुद्दा वेगळाच आहे. लेखनशैलीत सफाई नसेल, कथेत सूचकतेची कला नसेल, तरी तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे 'हे चांगले लिहिले आहे का?' आणि 'हे अपायकारक आहे का?' हे दोन प्रश्न त्याने वेगळे केले. आपल्या समीक्षेने ते कधी वेगळे केले नाहीत. 'बाजारू' या एका शब्दात तिने दोन्हींचे उत्तर देऊन टाकले आणि न वाचताच पान उलटले.

त्या काळातली खपाची पुस्तके शेजारी ठेवून पाहा. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे खांडेकरांना ज्ञानपीठही लाभले. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची, म्हणजे 'श्यामा'च्याच वर्षाची. तिलाही अकादमीने गौरवले. 'ययाति'चा विषय अतृप्त वासना हाच आहे. फरक असा की तिथे वासनेला महाभारताचे वस्त्र आहे आणि कथेला संयमाचा बोध जोडलेला आहे. काकोडकरांचा नायक आजचा कवी आहे आणि त्याच्या आयुष्यात येणाऱ्या स्त्रियाही आजच्याच. राजाची वासना तत्त्वचिंतन ठरली, शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसाची वासना फौजदारी झाली.

काकोडकर थोर कादंबरीकार होते, असा माझा दावा नाही. सतत लिहिणाऱ्याच्या कथानकांत पुनरुक्ती येते, तशी ती त्यांच्याकडेही आहे. संवाद पुष्कळदा नाटकी आहेत. पण त्यांची कुटुंबाची जाण पक्की होती. त्यांच्या 'नीलांबरी'वर राज खोसलांनी 'दो रास्ते' काढला, तोही १९६९ मध्येच. ज्या वर्षी लेखकाला आपण अश्लील नाही हे दिल्लीत सिद्ध करावे लागले, त्याच वर्षी त्याची कथा हिंदी पडद्यावर घरंदाज कौटुंबिक चित्रपट म्हणून आली. ही विसंगती एखाद्या समीक्षकाला खुणवायला हरकत नव्हती.

मी विद्यापीठात शिकलेला अभ्यासक नाही. बंद पडणाऱ्या लायब्ऱ्यांची पुस्तके किलोने विकली जात, तेव्हा ती मी घेत गेलो. त्या पुस्तकांची पाठकोरी पुठ्ठ्याची बांधणी, शिक्क्यांनी भरलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या, समासात पेन्सिलीने लिहिलेले 'छान', 'भिकार', 'शेवट आधीच कळला' हे शेरे मी जपून ठेवले आहेत. शेरे मारणारे हे वाचक भाबडे नव्हते. काकोडकर वाचणारा बाबूराव अर्नाळकरही वाचत होता आणि खांडेकरही. न्यायालयाने विचारलेला 'कोणाच्या हाती?' हा प्रश्न पुराव्यानिशी सोडवायचा, तर साधने अशाच चिठ्ठ्यांत आणि लायब्ऱ्यांच्या नोंदवह्यांत आहेत.

उच्च न्यायालयाचा प्रती नष्ट करण्याचा आदेश पुढे टिकला नाही. ते काम रद्दीवाले करत आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध अपील करता येत नाही. तेव्हा वाचकांना एक विनंती : घरच्या माळ्यावर लायब्ररीचा शिक्का असलेली जुनी कादंबरी सापडली, तर ती टाकू नका. आतली चिठ्ठीही फाडू नका.