बोलक्या पेटीची मीमांसा

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे गाव सोलापूर-विजयपूर मार्गावर आहे. १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर तेथून रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटरांवर पडते. तरीही या परिसरातील द्राक्षबागायतदाराचा समुद्राशी संबंध नाही असे म्हणता येत नाही. युरोपकडे जाणारे द्राक्ष शीत कंटेनरात बंद झाले, की बागायतदाराच्या वर्षाच्या कष्टाचे मोल त्या पेटीच्या आतील हवेवर अवलंबून राहते. म्हणून ‘पेटी आता जाळ्याशी जोडली गेली आहे, ती स्वतःची हकीकत स्वतःच सांगते’ हे अलीकडे वारंवार केले जाणारे विधान येथे परीक्षणास घ्यावयाचे आहे.

मुळात कंटेनर ही वस्तू मुकी राहावी अशाच बेताने घडली. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले, तेव्हा पेटीचा गुण हाच मानला गेला, की आत काय आहे याची वाटेत कोणास चौकशी करावी लागू नये. पुढे तिची लांबी, रुंदी व कोपऱ्यांचे सांधे जगभर एकसारखे झाले. तिची ओळख म्हणजे चार अक्षरे, सहा अंक व एक पडताळा-अंक एवढीच. अशा वस्तूस वाचा द्यावयाची, तर तिच्या मूळ गुणांशीच झगडावे लागते.

पहिला झगडा पोलादाशी आहे. चहूबाजूंनी धातूने बंद केलेल्या पेटीतून रेडिओलहरी सहजी बाहेर पडत नाहीत. म्हणून अँटेना बाहेर हवी. पण पेट्या एकमेकींना जवळजवळ खेटून रचल्या जातात व जहाजात लोखंडी खाचांतून खाली उतरविल्या जातात. बाहेर आलेला कोणताही भाग पहिल्याच फेरीत ठेचला जाईल. परिणामी पत्र्याच्या नागमोडी घड्यांमधील काही सेंटिमीटरांची खोली, एवढीच जागा यंत्रास मिळते. शिवाय भर समुद्रात मोबाईलचे मनोरे नसतात. तेथे जहाजावरच छोटे केंद्र उभारून त्याची गाठ उपग्रहाशी घालावी लागते. आणि तळाच्या थरातील पेटीचा आवाज त्या केंद्रापर्यंत पोहोचेल याची शाश्वती तरीही नसते.

दुसरा झगडा विजेचा. साध्या पेटीत वीज नसते, आणि थप्पीत दबलेल्या पेटीस सूर्यप्रकाश मिळत नाही. उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा. १९ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी घेतली, निद्रावस्थेतील खर्च २० मायक्रोअँपिअर धरला आणि प्रत्येक संदेशास २०० मिलिअँपिअर प्रवाह एक मिनिट लागतो असे मानले, तर दिवसातून एकदा बोलणारी पेटी कागदावर तेरा वर्षांहून अधिक टिकते; तासातासाला बोलणारी आठ महिनेही टिकत नाही. म्हणजे ‘सतत माहिती’ आणि ‘पेटीच्या आयुष्यभर माहिती’ ही दोन आश्वासने एकाच बॅटरीवर देता येत नाहीत. थंडी, उष्णता व जुनाटपणा यांनी होणारी घट या हिशेबात धरलेलीही नाही.

शीत कंटेनराची गोष्ट निराळी, असा आक्षेप यावर घेतला जाईल व तो अंशतः रास्त आहे. त्यास वीज मिळते आणि नियंत्रक यंत्र त्याच्या अंगचेच असते. मर्स्क कंपनीने आपल्या शीत पेट्यांवरील दूरस्थ देखरेख २०१७ साली ग्राहकांना खुली केली, तेव्हा अशा पेट्यांची संख्या सुमारे २ लाख ७० हजार सांगितली गेली. हे यश थोडे नव्हे. तथापि येथेच खरी मेख आहे. नियंत्रक मोजतो ते आत सोडलेल्या व परत आलेल्या हवेचे तापमान. द्राक्षाच्या गराचे नव्हे. शीत पेटी थंड माल थंड ठेवण्यासाठी असते, गरम माल थंड करण्यासाठी नव्हे. पूर्वशीतकरण अपुरे झाले, वा खोकी रचताना हवेची वाट अडली, तर नोंदीत शून्य अंश दिसत असतानाही मधल्या खोक्यांतील फळ खराब होऊ शकते. फळाजवळ ठेवलेला छोटा तापमापक हे जाणतो, पण धातूच्या भिंतीआड असल्याने तो बहुधा पेटी उघडल्यावरच बोलतो. ज्यास कळते त्यास वाचा नाही, आणि ज्यास वाचा आहे त्यास पुरते कळत नाही, असा हा पेच आहे. अभियांत्रिकी चर्चेत तो संदेशवहनाच्या प्रश्नाइतका पुढे येत नाही, ही या चर्चेची मोठी उणीव होय.

तिसरा प्रश्न वाचकाचा. भारतात २०१६ साली जवाहरलाल नेहरू बंदरापासून ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ ही व्यवस्था सुरू झाली. तीत पेटीवर लावलेली रेडिओ-चिठ्ठी नाक्यांवरील व आगारांतील वाचकयंत्रे टिपतात. चिठ्ठीस बॅटरी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु दोन वाचकयंत्रांमधील वाटेवर ती मुकीच असते आणि आतील तापमानाविषयी काहीच सांगत नाही. याउलट मर्स्क व आयबीएम यांनी २०१८ साली आरंभिलेला ‘ट्रेडलेन्स’ हा उपक्रम माहितीच्या देवघेवीसाठीच होता. तो बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, तेव्हा साऱ्या उद्योगाचे अपेक्षित सहकार्य लाभले नाही हे कारण सांगण्यात आले. तेथे संवेदक कमी पडले नाहीत. परस्परविश्वास कमी पडला.

तेव्हा ‘जोडलेली पेटी’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न वस्तू मोडतात: दुसऱ्याने वाचावी लागणारी, स्वतः कळविणारी, आणि जिचे कथन वादप्रसंगी पुरावा म्हणून उभे राहील अशी. पहिल्या दोहोंची प्रगती दाखवून तिसरीचे श्रेय घेणे, हा या विषयावरील लेखनातील नेहमीचा दोष आहे. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली व युरोपचा प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. अशा वेळी माल उतरला तर दोष बागेचा, शीतगृहाचा, वाहतुकीचा की जहाजाचा, हे ठरविणारी नोंद कोणाच्या हाती आहे, हाच बागायतदाराचा प्रश्न असतो. नोंद वाहतूकदाराच्या दप्तरी आणि नुकसान बागायतदाराच्या पदरी, अशी वाटणी कायम राहिली तर पेटी बोलकी झाली काय नि मुकी राहिली काय, मंद्रूपला त्याचा फरक पडत नाही.

मंद्रूपच्याच तालुक्यात, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्याच्या अखेरीस लेख वाचणाऱ्याचे शुभ चिंतिलेले आहे. नोंद करणाऱ्याने वाचकास गृहीत धरावे, ही समज तेथे सुमारे दहा शतकांपूर्वी होती. पेटीच्या रचनाकारांनीही संवेदक कोठे बसवावा याबरोबरच तो कोणासाठी बोलणार आहे, हे आरंभीच ठरविले पाहिजे. फळाजवळचे मापन, बॅटरीच्या मर्यादेस धरून ठरविलेला संदेशकाल आणि माल पाठविणाऱ्यास नोंदीची खात्रीलायक प्रत, या तीन कसोट्यांवर उतरेल तीच पेटी खऱ्या अर्थाने जोडलेली म्हणता येईल.