साक्षीत न मावणारी बाई

रविवारची सकाळ. भोसरी-मोशीकडे दुकानांच्या वरच्या मजल्यावर एखादा भाड्याचा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, दोन-तीन गाणी आणि मग साक्ष. चर्चमध्ये वाढलेल्यांना साक्षीचा साचा तोंडपाठ असतो. आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी असा आहे. दुर्बलता भूतकाळात, फळ वर्तमानकाळात.

अडचण होते ती मागच्या रांगेतल्याची. तो चाकणमधली रात्रपाळी संपवून थेट आलेला असतो. कंत्राट अजून कायम झालेलं नाही. प्रार्थनेला बसलं की झोप येते, घरी फोनवर आवाज चढतो. त्याची क्रियापदं अजून भूतकाळात गेलेलीच नाहीत. आठवडाभर त्याने लाईनवर टार्गेट आणि रिजेक्शनचे आकडे पाहिलेत. त्यामुळे पाळकांनी ‘तुझ्या जीवनात फळ कुठे आहे?’ असं विचारलं की त्याला ‘तुझं आउटपुट किती?’ असंच ऐकू येतं. उत्तर त्याच्याकडे तयार असतं: शून्य.

त्याच्या हातात एखादं प्रेरणादायी पुस्तक देण्याऐवजी मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देईन. 1934 पासून चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र शाळेत आपण विनोदी उतारा म्हणून वाचतो आणि विसरतो. माझ्या मते ख्रिस्ती दुर्बलतेबद्दल मराठीत याहून खरं पुस्तक नाही. कारण ते साक्षीच्या साच्यात बसत नाही.

तारखाच पाहा. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली पाच वर्षं कुठल्याही साक्षीत एका वाक्यात उरकली असती. लक्ष्मीबाई ती उरकत नाहीत. नवऱ्यापासून वेगळं राहणं, रडणं, संताप, मग परत येऊनही ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात आपलं सोवळं वेगळं सांभाळणं, हे सगळं त्या लिहितात. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं आणि त्या वेडाखाली अख्खं घर भरडलं गेलं होतं. तरी तेच सोवळं त्यांना सुटता सुटत नाही. आणि हे सांगताना त्या स्वतःला हसतात. ‘तेव्हा मी अंधारात होते’ असा सूर नाही, ‘अशी आहे मी’ असा आहे. बाप्तिस्म्यानंतरही भित्रेपणा, हट्ट, नवऱ्याशी भांडणं चालूच राहतात. याच बाईने नगरच्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची शुश्रूषा केली, पण तेव्हाही ती स्वतःला वीरांगना म्हणून रंगवत नाही.

टिळकांचंही तसंच. देहूच्या तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं हा कवी म्हणायचा. ते देहू आता आपल्या कारखान्यांच्या कुशीत आहे. चर्चच्या भिंतीवर टिळकांचा फोटो असतो तो ऋषीसारखा. पुस्तकातले टिळक मात्र तापट आहेत, लहरी आहेत, घरात उद्याची सोय नसताना हातातले पैसे वाटून मोकळे होणारे आहेत. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, असं ते स्वप्न होतं. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांच्यामागे दरबार फार तग धरू शकला नाही. ओव्यांतलं ख्रिस्तचरित्र, ‘ख्रिस्तायन’, दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. टार्गेटच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही प्रकल्प अपुरे.

पण ‘ख्रिस्तायन’ पुढे लिहिलं गेलं. साठाहून अधिक अध्याय लिहिले ते शाळेचं शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी. टिळकांची गाणी आजही मराठी उपासनेत गायली जातात. वेल एकाची, घड दुसऱ्याच्या हातात. कुणाची दुर्बलता कुठे फळली, याचा हिशेब त्या दोघांनाही हयातीत मांडता आला नसता.

इथे ‘फळ’ या शब्दाकडे परत जाऊ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि शिष्यांना फांद्या. फांदीला सांगितलेलं मुख्य काम वेलीत राहण्याचं आहे, फळ त्यातून येतं. गलतीकरांच्या पत्रात प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी मोजल्यात, पण शब्द एकवचनी आहे: फळ. या नवांतली एकही गोष्ट शिफ्टच्या शेवटी बोर्डावर लिहिता येत नाही.

नाशिक फाट्यावरून चाकण ओलांडून पुढे गेलात की नारायणगाव-जुन्नरच्या द्राक्षबागा लागतात. त्याच रस्त्याचं दुसरं टोक नाशिक, लक्ष्मीबाईंचा मुलूख. तिथल्या बागाईतदाराला विचारा. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीनंतर बाग भकास दिसते आणि त्या छाटणीवर पीक घ्यायचं नसतं. पण पुढच्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात तयार होतो तो त्याच उन्हाळी महिन्यांत, बाहेरून काहीही दिसत नसताना. मे महिन्यात बागेत शिरून ‘फळ कुठे आहे?’ असं विचारणाऱ्याला शेती कळत नाही, एवढंच म्हणता येईल.

या वाचनाला एक धोका आहे आणि तो ‘स्मृतिचित्रे’च दाखवते. दुर्बलतेची किंमत बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी मोजतं. टिळकांच्या उदारपणाचा खर्च लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातून जात होता. टिळकांवर त्यांचं प्रेम होतं, पण त्यांनी हा हिशेब लपवला नाही. म्हणून ‘मी दुर्बल आहे, देव बघून घेईल’ असं म्हणणाऱ्याला हे पुस्तक सूट देत नाही. फोनवर चढलेल्या आवाजाची माफी मागावीच लागते. पौलाने करिंथकरांना लिहिलं की आपल्या अशक्तपणातच ख्रिस्ताचं सामर्थ्य दिसतं, आणि तो अशक्तपणा त्याने लपवला नाही. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. पौलाची साक्षही साच्यात बसत नाही.

चर्चने साक्षी बंद कराव्यात असं मी म्हणत नाही. फक्त वर्तमानकाळातल्या दुर्बलतेलाही उभं राहायला जागा द्यावी. मागच्या रांगेतला तो उठून म्हणू शकला पाहिजे, ‘मला झोप येते, राग येतो, प्रार्थना होत नाही, तरी मी आलोय.’ त्यावर टाळ्या नकोत आणि सल्लाही नको. कुणीतरी शेजारची खुर्ची ओढून बसावं. रात्रपाळी करून, झोप बाजूला ठेवून तो आला, ते फांदीचं वेलीला धरून राहणंच आहे. मे महिन्यात बागेकडून तेवढंच मागायचं असतं.