बेरीज की गुणाकार?

सिगारेटच्या पाकिटांवर आणि तंबाखूच्या पुड्यांवर २००९ सालापासून चित्रासह इशारा छापला जातो. २०१६ पासून तर त्याने पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला आहे. दारूच्या बाटलीवरील इशारा २०१९ पासून नव्या शब्दांत येतो. मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन वाहन चालवू नका, एवढाच त्याचा आशय. त्यात कर्करोगाचा उल्लेखही नाही. आमच्या मते हा इशारा अर्धवट आहे. व्यसनांवरचे पाठही बहुधा याच वाटेने जातात : तंबाखूने कर्करोग होतो, दारूने यकृत आणि संसार बिघडतो.

मद्य स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच काढला. अल्कोहोलपासून शरीरात, आणि जिवाणूंमुळे तोंडातही, अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते. ते पेशींतील डीएनएला इजा करते. शिवाय अल्कोहोलमुळे तोंडाच्या व घशाच्या अस्तरातून तंबाखूतील घातक द्रव्ये सहज आत शिरतात. म्हणून धूम्रपान व मद्यपान एकत्र आले, की धोका जवळजवळ गुणाकाराने वाढतो. समजा, एकामुळे तो ४ पट आणि दुसऱ्यामुळे ३ पट होत असेल, तर दोन्ही मिळून ७ पट नव्हे, १२ पटींच्या आसपास जातो. १९८८ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिवसाला सिगारेटची २ किंवा अधिक पाकिटे ओढणाऱ्या व ४ हून अधिक पेले मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका ३५ पटींहून अधिक आढळला.

सांगली जिल्ह्यात हे सांगणे जरा अवघड जाते. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून पलूसला वाईन पार्क आले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा बागायतदाराचे हित पुढे केले गेले आणि वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही सांगण्यात आले. बागायतदाराला भाव मिळालाच पाहिजे. पण १५० मिलिलिटर वाईन, ३५० मिलिलिटर बीअर आणि ४५ मिलिलिटर व्हिस्की यांत अल्कोहोल साधारण सारखेच, १४ ग्रॅमच्या आसपास असते. ते द्राक्षाचे की धान्याचे, हा भेद पेशीला कळत नाही. बागायतदाराच्या मुलालाही हे वर्गात समजले पाहिजे. त्यात त्याच्या वडिलांच्या कष्टांचा अपमान नाही.

या गुणाकाराची दुसरी बाजूही शिक्षकांनी जरूर सांगावी. त्यातला एक आकडा कमी झाला, तरी उत्तर बरेच खाली येते. व्यसन सुटल्यावर धोका एकदम नाही, पण वर्षांगणिक उतरत जातो. आणि तोंडातील जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, बसलेला आवाज किंवा मानेतील गाठ तीन आठवड्यांनंतरही कायम राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे, हे मुलांकरवी घरोघरी पोचवावे.